काशा पेंटरचं मागीलदार

काशिनाथ भिंत मागायला जायचा तेव्हा घरातल्या पुरुषाकडे बघायचासुद्धा नाही. ओट्याच्या कडेला टेकायचा, पाणी मागायचा आणि पाणी घेऊन येणाऱ्या बाईला सरळ विचारायचा, "बाय, तुझी रस्त्याकडची भिंत देशील काय? गुप्तरोगाच्या डॉक्टरची जाहिरात काढायचीय."

मी कधी त्याच्या सोबतीला गेलो की शेजारी रंगाचे डबे घेऊन उभा असायचो आणि माझे कान तापायचे. बाई पदर तोंडाला लावून हसायची, नाहीतर आत निघून जायची. पण थोड्या वेळानं बाहेर येऊन भिंत दाखवायची ती तीच. "हितून तितवर काढ. खिडकीखाली नको." काशा म्हणायचा, "तू सांगशील तसं." एवढ्यावर त्याचं काम झालेलं असायचं.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही दोघंही पेंटर, म्हणजे दुकानांच्या पाट्या आणि रस्त्याकडच्या भिंती रंगवणारे. शहापूरच्या बाजारपेठेत एक उस्ताद होते, त्यांच्या हाताखाली दोघं शिकलो. काशा मुरबाडकडचा, मी शहापूरचा. उस्ताद माझ्या अक्षराला चांगलं म्हणायचे आणि काशाच्या अक्षराला काहीच म्हणायचे नाहीत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझ्या बाजूनं सांगण्यासारखं फार काही उरणार नाही.

कल्याणला स्टेशनाजवळ एक डॉक्टर बसायचा. डॉक्टर आपला सवयीनं म्हणतो. त्याच्याकडे पुड्या होत्या आणि जाहिरातीची हौस होती. शहापूर तालुक्यातल्या भिंती त्यानं मला दिल्या, मुरबाडच्या काशाला. मजकूर एकच: लग्नाआधी वा लग्नानंतर, निराश होऊ नका, एकदा भेटा. निळ्या जमिनीवर पिवळी अक्षरं. मी घरातल्या कर्त्या पुरुषाला गाठायचो, खालच्या मानेनं "औषधाची जाहिरात आहे" एवढंच पुटपुटायचो आणि त्यानं हो म्हटलं की कामाला लागायचो. माझ्या वेलांट्या अशा की बघत राहाव्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर शेणकाल्याची बादली पडलेली असायची. कुणीतरी घरच्या बाईला भिंतीवरचं वाचून दाखवलेलं असायचं.

एकदा दिवाळीच्या तोंडावर मी सायकलनं मुरबाडच्या रस्त्यानं चाललो होतो. एका घराला ताजा चुना दिलेला, आणि त्या पांढऱ्या भिंतीवर काशाची जाहिरात जशीच्या तशी. घरच्या बाईनं चुन्याचा कुंचला तिच्या चारी कडांनी जपून फिरवला होता. अक्षरं वाकडी, 'निराश'मधला 'श' तर पडायच्या बेतात. मी सायकल थांबवून बघत उभा राहिलो. जळलो. उगाच सभ्य शब्द कशाला शोधू? पोटात आग पडली आणि ती पुढं कधी पुरती विझली नाही.

मी त्याला विचारलं, बाईलाच का विचारतोस. तो म्हणाला, "घर बापयाचं असंल रे. भिंत लिंपते कोण? जी लिंपते तिची भिंत." आणखी एक त्याचं ठरलेलं होतं. पाणवठ्याच्या वाटेवरची भिंत कितीही मोक्याची असली तरी तो घ्यायचा नाही. कल्याणचा डॉक्टर त्यावरून ओरडायचा. काशा म्हणायचा, "तिथनं बाया डोक्यावर हंडे घेऊन जातात. मान वर ठेवूनच चालायला लागतं त्यांना. तिथं आपलं नाय काढायचं." मी डॉक्टरला खूश ठेवायला विहिरीजवळची एक भिंत घेतली होती. तिची कथा सांगत नाही. बादल्या मोजायच्या मी सोडून दिल्या होत्या.

पण खरी आग वेगळीच. काशा रंगवायला लागला की त्याच्या मागे कुणीतरी येऊन उभं राहायचं. आधी लांब, मग जवळ. एखादा नवा लग्न झालेला पोरगा, कधी चांगला मिशा पिकलेला माणूस. जाहिरात रंगवणाऱ्याला त्यातलं कळत असणार, असा आमच्याकडचा समज. तो माणूस हळूच काहीतरी विचारायचा आणि काशा मान न वळवता ऐकायचा. ब्रश चालूच. "मागं बघायचं नाय," तो मला म्हणाला होता. "आपण बघितलं का तो पळतो." सगळं ऐकून झाल्यावर भिंतीकडे तोंड करूनच सांगायचा, "मी अक्षरं काढणारा, मला नाय ठावं. पण विचारून ठेवतो. पुढची भिंत सरळगावला हाय, तिथं ये."

विचारायचा तो मुरबाडच्या नलिनी डॉक्टरांना. ह्या बायकांच्या डॉक्टर, खऱ्याखुऱ्या शिकलेल्या, आणि तोंडानं फटकळ. पहिल्यांदा त्यांनी त्याला हाकलला म्हणे. दुसऱ्यांदा त्यानं दारातूनच सांगितलं, "बाई, तो पोरगा बायकोला हात लावायला भितोय. तिला काय होईल म्हणून भितोय. वाईट माणूस नाय तो." डॉक्टरबाईंनी त्याला बसायला सांगितलं. तेव्हापासून तालुक्यातले न विचारायचे प्रश्न काशाच्या तोंडून त्यांच्याकडे जायचे आणि उत्तरं पुढच्या भिंतीपाशी पोचायची. कल्याणच्या डॉक्टरच्या जाहिराती रंगवता रंगवता हा गडी त्याचीच गिऱ्हाइकं कमी करत होता.

मी हे करून पाहिलं. तानशाच्या रस्त्याला मुद्दाम मान न वळवता रंगवत राहिलो. मागे पाला चावल्याचा आवाज आला. शेळ्या होत्या.

शैलाला, माझ्या बायकोला, हे सांगितलं तेव्हा ती हसून लोळली. ती खर्डीची, बोलायला मोकळी. काशा आमच्याकडे जेवायला आला की दोघांची अशी जमायची की मी आपला भात चिवडत बसायचो. "वहिनी, भिंतीला कान असतात म्हणतात," काशा म्हणायचा. "मी म्हणतो, तोंड पण पायजे तिला. माणसांना तोंड नाय म्हणून भिंतीला पायजे." शैला मान डोलवायची. मी त्याच अर्थाचं काही बोललो असतो तर तिनं आमटी वाढू का विचारलं असतं.

मग फ्लेक्स आला आणि माझे दिवस आले. संगणकावर मजकूर जुळवायचा, कल्याणहून छापून आणायचा, बांबूला ताणायचा. भिंती कुणाला नकोशा झाल्या. मी शहापुरात गाळा घेतला, 'मोहन आर्ट्स' अशी पाटी लावली, वाढदिवसाचे फलक, देवीच्या मंडळाची कमान, शाळेचं संमेलन, सगळं माझ्याकडे. काशाला फ्लेक्स जमेना. "ह्याला हात कुठं लागतो रे?" म्हणायचा. कल्याणच्या डॉक्टरनंही भिंती बंद केल्या. काशाच्या हातातली सगळी कामं गेली, मुरबाडच्या कारखान्यात रखवालदाराची नोकरी बघतोय असं कानावर आलं. मी शैलाला म्हणालो, "बिचारा." शब्द तोंडात गोड लागला.

बिचारा फार दिवस बिचारा राहिला नाही. मुरबाडच्या एसटी स्टँडजवळ एक सायबर कॅफे निघाला होता. तिथं काशा बसायला लागला. तिथल्या मालकानं त्याला मराठी टंकायला शिकवलं आणि दोघांनी मिळून एक वेबसाइट काढली. नाव ठेवलं 'मागीलदार'. घराच्या मागच्या अंगाला, परसात, धुण्याभांड्याशी बाया जे बोलतात ते तिथं विचारायचं. नाव नको, गाव नको. कुणीही विचारावं, डॉक्टरबाईंनी उत्तर सांगावं आणि काशानं ते आपल्या भाषेत लिहावं. पाळी, बाळंतपण, उशिरा झालेलं लग्न, एका खोलीत सासूसासऱ्यांबरोबर राहणारं जोडपं, पन्नाशीनंतरचा अबोला. मुंबई-पुण्याचे लोक विचारू लागले, मग परदेशातले. माझ्या दुकानाचीसुद्धा एक वेबसाइट होती, कमानींच्या फोटोंसकट. ती मी आणि शैला बघायचो. खरं तर मीच बघायचो.

आता ह्या साइटवर पोट कसं चालवायचं? काशाला एकच धंदा ठाऊक, जाहिरात. परदेशातली एक कंपनी होती. ती तुमच्या पानावर जाहिराती आपणहून सोडायची, आणि वाचणाऱ्यानं एखादी दाबली की तुम्हाला वाटा. काशानं अर्ज केला. नकार आला. विषय प्रौढांचा, आमच्या जाहिरातदारांना चालणार नाही. मराठी त्यांना वाचता येत नव्हतं, पण पानावर ओळखीसाठी इंग्रजीत घातलेल्या दोन ओळी पुरेशा होत्या.

मी मनात म्हटलं, सुटलो. चार दिवसांनी काशा माझ्या गाळ्यात येऊन स्टुलावर बसला. "मोहन्या, त्यांचं चूक नाय," म्हणाला. "मी पाणवठ्यावर पाटी लावायला गेलो." आणि परत जाऊन त्यानं साइटचे दोन भाग केले. बाळंतिणीचा आहार, मुलीची पहिली पाळी, लग्नाआधी काय बोलून घ्यावं, ही पानं पुढं, त्यांच्यावर जाहिरात. नवराबायकोचं अगदी आतलं जे, ती पानं कोरी. तिथं एकही जाहिरात नाही आणि तिथून जाहिरातीच्या पानांकडे ओढून नेणारी वाटही नाही. ताकदीच्या गोळ्या विकणाऱ्यांच्या जाहिराती येऊ नयेत अशी सोय असते, ती शोधून त्यानं एकेकाला बाहेर काढलं. पुन्हा अर्ज केला. ह्या वेळी कंपनी हो म्हणाली.

मी त्याच्या साइटवर जाऊन तासन् तास बसायचो, चूक काढायला. खरं सांगतो, फार थोड्या सापडल्या. एका खोलीत राहणाऱ्या जोडप्याच्या लेखाशेजारी कल्याणमधल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटची जाहिरात लागली होती. मी काशाला चिडवायला फोन केला तर तो म्हणाला, "यंत्र असून त्याला कळलं बघ, त्यांना काय पायजे ते." ह्या माणसावर चिडायचीही सोय नव्हती.

त्यानंतर घडलं ते आमच्याच भागात घडू शकतं. आमच्याकडे कुणी नवं दुकान टाकलं की वाडीतलं प्रत्येक घर पहिल्या दिवशी जाऊन काहीतरी घेतं. गरज नसली तरी, काडेपेटी का होईना. न जाणं म्हणजे त्याचं वाईट चिंतणं. काशानं एका लग्नात सहज सांगितलं, की आपलं आता संगणकावर दुकान आहे आणि कुणी जाहिरात दाबली की आपली बोहनी होते. बस. लग्नाच्या मांडवातच ठरलं. त्याच्या वाडीतली माणसं, त्याच्या खर्डीला दिलेल्या बहिणीच्या घरची, जुन्या भिंतींच्या मालकिणी, सगळी भाताच्या झोडणीतून सवड काढून मुरबाडला आली. कॅफेबाहेर रांग लागली. ज्यांनी जन्मात संगणक पाहिला नव्हता त्यांचं बोट मालकानं धरून माउसवर ठेवलं. एकेकानं सगळ्या जाहिराती दाबल्या. एका म्हातारीनं तर हात जोडून मग दाबली.

शैला नवी साडी नेसून निघाली. "तुमी येत नाय?"

"पोटात दुखतंय," मी म्हणालो.

"ते कधीपासनं दुखतंय ते मला म्हायती हाय," ती म्हणाली आणि गेली. माझ्या गाळ्याच्या पहिल्या दिवशी समोरचा चहावाला आणि माझा सासरा एवढेच आले होते. मी पडल्या पडल्या छताकडे बघत राहिलो.

काशाचा आनंद त्या दिवशी मावत नव्हता म्हणे. आणि दोनच दिवसांत कंपनीचा निरोप आला: एकाच जागेवरून खोट्या दाबण्या झाल्या, खातं कायमचं बंद. ओळखीच्या माणसांना दाबायला लावायचं नाही, हे नियमांत होतं. नियम इंग्रजीत होते, पानंच्या पानं, आणि कॅफेवाल्यानं सगळ्यांसारखंच खाली जाऊन 'मान्य' म्हटलं होतं. काशानं विनवण्या लिहिल्या. बोहनी म्हणजे काय हे त्या कंपनीला इंग्रजीत समजावून सांगायचा त्यानं प्रयत्न केला. उत्तर एकच येत राहिलं.

साइट चालायची तर इंटरनेटवरच्या जागेचं भाडं हवं, कॅफेत बसायचे तास हवेत, आणि काशाचं घर. जाहिरात नाही तर मागीलदार बंद आणि काशा कारखान्याच्या फाटकावर. सरळ हिशेब होता. मी वाट बघत होतो तो दिवस आला होता, आणि काशाच माझ्या गाळ्यात आला.

"आख्ख्या दोन तालुक्यांत तू एकलाच शहाणा निघालास," तो म्हणाला. "तू नाय आलास. तुला कसं समजलं रे?"

आता काय सांगायचं? "वाचलं होतं कुठंतरी," मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघून हसला. मी विषय बदलून विचारलं, की लोकांना सांगितलंस का. त्यांच्यामुळेच बंद पडलं ते?

"नाय सांगितलं. आणि तू पण नाय सांगायचं," तो म्हणाला. "त्या म्हातारीनी हात जोडले व्हते. आमी सांगतो, कंपनीनी भिंत पाडली." वाडीतले लोक कितीतरी दिवस त्या कंपनीला शिव्या देत होते. एवढं नुकसान झालं तरी ह्याच्यासाठी शिव्या द्यायला माणसं हजर, आणि माझी कमान वाऱ्यानं फाटली तेव्हा मंडळवाले मलाच शिव्या देऊन गेले होते.

कल्याणच्या डॉक्टरला ही बातमी लागली. त्याचा माणूस मुरबाडला आला. सगळी साइट आम्ही घेतो, म्हणाला, कोरी पानंसुद्धा. प्रत्येक उत्तराखाली आमच्या पुडीची जाहिरात. डॉक्टरबाई म्हणाल्या, "तो आला की मी गेले." काशानं त्या माणसाला चहा पाजला आणि नाही म्हणाला. मला हे पटेना. मी म्हटलं, "अरे, त्याच्याच जाहिराती काढून म्हातारा झालास. आता कसलं सोवळं?"

तो म्हणाला, "तवा भिंत बाईची व्हती, अक्षरं त्याची. आमी मधले. हितं माणसं मला भाऊ म्हणून विचारतात रे. माझी भिंत हाय ही."

मग तो जुन्या पद्धतीनं दारोदार फिरला, शहापूर, मुरबाड, आसनगाव. साड्यांची दुकानं, सोनार, भांडीवाले, मंगल कार्यालयं. लग्न झालेली माणसं वाचतात, लग्नाळू वाचतात, तुमचंच गिऱ्हाईक आहे, म्हणून सांगितलं. सोनारानं त्याला आत बोलावलं, दार लोटलं, आपण रोज वाचतो म्हणाला, उत्तर किती छान होतं म्हणाला, आणि जाहिरातीचं विचारल्यावर म्हणाला, "नाव नको बाबा. धंद्यात आहोत." साडीवाल्याची बायको वाचायची, साडीवाला वाचायचा, दोघं एकमेकांपासून लपवून. नाव कुणीच देईना.

माझ्याकडे त्यानं जाहिरात मागितली नाही. नुसताच येऊन स्टुलावर बसला. बूट काढले, पाय चोळले. निघता निघता म्हणाला, "मुरबाडचा तो नवा फ्लेक्सवाला देतो म्हणतोय पहिली. बघू. उद्या कळवतो म्हणाला."

मुरबाडचा फ्लेक्सवाला. माझी दोन गिऱ्हाइकं पळवलेला. आणि मागीलदारावर पहिलं नाव त्याचं लागणार? परदेशातले लोक ते बघणार? मी काशाला दारातून परत बोलावला. "पहिली माझी," म्हणालो. "मोहन आर्ट्स, शहापूर. मोठी. फोन नंबरसकट."

"मंडळवाले काय म्हणतील?"

"त्यांचं मी बघतो."

मंडळवाले जे म्हणायचं ते म्हणाले. देवीची कमान त्या वर्षी मुरबाडवाल्याकडे गेली. शाळेच्या मुख्याध्यापकांनी मला बोलावून, अशा ठिकाणी आपलं नाव बरं दिसत नाही, असं समजावलं. घरी येऊन मी शैलाला सांगितलं. जेवताना तिनं आधी मला वाढलं, मग पातेलं खाली ठेवलं आणि माझ्यासमोर बसली. अशी ती काशा आला की बसायची.

आणि फोन यायला लागले. "मोहन आर्ट्स?" हो. पलीकडे कुणीतरी घसा साफ करायचं. मग हळू आवाजात, "एक विचारायचं होतं." सुरुवातीला मी ठेवून द्यायचो. एकदा एक माणूस रडायलाच लागला, तेव्हा ठेवता आला नाही. मी समोरच्या भिंतीकडे तोंड करून ऐकलं आणि म्हणालो, "मला माहीत नाही, पण विचारून सांगतो. परवा फोन करा." माझं तोंड लाल झालं होतं. शैला दारात उभी राहून ऐकत होती.

एकानं नाव दिलं म्हटल्यावर सोनाराला राहवेना. सोनारानं दिलं म्हणून साडीवाल्यानं दिलं. भांडीवाला तर मोठी का नाही म्हणून भांडला. आमच्या बाजारपेठेत एकमेकांवर जळणारा मी एकटा नव्हतो, हे मला तेव्हा समजलं. मागीलदार चाललं. काशा फाटकावर गेला नाही.

अशी दोनेक वर्षं बरी गेली. मग त्याच्या छातीचं दुखणं निघालं. रंग, टर्पेंटाइन, उन्हातली वर्षं, डॉक्टर काय काय म्हणाले. शेवटी शेवटी मी त्याला भेटायला मुरबाडला गेलो. दुपारची वेळ, तो पडवीत बाजेवर उशांना टेकून बसलेला. हात बघवत नव्हते, इतके बारीक झालेले. तरी बोलणं तेच.

"मोहन्या, जाहिरातीचं तू बघ आता. लिवायचं पण तूच बघ. डॉक्टरबाईंना सांगितलंय मी."

"मी?" मला खरंच कळेना. "कॅफेवाला आहे. तुझा भाचा आहे, शिकलेला."

"ते दोघं माझ्यावर माया करतात. बोहनीला पयले तेच आले व्हते," तो म्हणाला. दम लागला म्हणून थांबला. "मायेच्या माणसाला चूक नाय दिसत रे. तू जळतोस. भिंत रंगवायचो तवापासनं जळतोस. माझी एक वेलांटी चुकली तरी तुला दिसायची. रोज साइट उघडून चुका काढत बसायचास, म्हायती हाय मला. असा माणूस पायजे तिथं."

मी खाली बघत बसलो.

"आणि मुरबाडवाला जाहिरात कवा देत व्हता रे?" त्यानं विचारलं. "त्यानी मला दुकानात पण नाय घेतला. तुला नुसतं सांगितलं." असं म्हणून तो हसायला गेला, तर त्याला खोकल्याची उबळ आली. त्याच्या बायकोनं पाणी आणलं. मी त्याची पाठ धरली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या इतका जवळ बसलो असेन.

तो पावसाळ्याआधी गेला. दहाव्याला मुरबाडच्या नदीवर जुन्या भिंतींच्या मालकिणी आल्या होत्या, काही बाहेरगावची जोडपीही. कुठून ओळखता, असं विचारलं तर सांगत नव्हती. मी मोजायचं नाही असं ठरवून बाजूला उभा राहिलो.

तेव्हापासून मागीलदार मी बघतो. कोरी पानं कोरी आहेत. पुडीवाले दर महिन्याला नव्या नावानं अर्ज करतात, मी त्यांना ओळखतो आणि काढतो. डॉक्टरबाई उत्तर सांगतात, मी लिहितो. माझं मराठी काशापेक्षा शुद्ध आहे, जोडाक्षर चुकत नाही. दिवाळीच्या सुमाराला एका बाईचा निरोप आला. नाव नाही, गाव नाही. पूर्वी कधीतरी तिनं काही विचारलेलं असावं. लिहिलं होतं: भाऊ, उत्तर मिळालं, उपयोग झाला. पण हल्ली तुम्ही पहिल्यासारखं लिहीत नाही. तब्येत बरी नाही का?

भाऊ वारला, मी दुसरा माणूस आहे, असं उत्तर लिहायला घेतलं. पहिला शब्दसुद्धा उमटेना. पोटात तीच जुनी आग पडली. मेला तरी हाच.

शैला चहा घेऊन आली. तिनं पडद्यावरचं वाचलं, मग माझं तोंड पाहिलं.

"जळताय?"

"हो."

तिनं कप माझ्या हाताशी ठेवला. "जळा," ती म्हणाली. "तेवढा तरी उरलाय तो आपल्याकडं."